बर्फ, रवी आणि कॉफी

ह्या स्मरणिकेसाठी चिटणीसबाईंनी माझ्याकडे थंड कॉफीची कृती मागितली होती. कृती चार ओळींत संपते. ती पुढे येईलच. परंतु ही फेसाळ कॉफी आपल्या ओट्यापर्यंत कोणत्या वाटेने आली हे पाहू लागले, तेव्हा ती वाटच मला अधिक मनोरंजक वाटली. भगिनींनी थोडा धीर धरून ती ऐकावी.

कॉफी आपल्याकडे जुनी. सतराव्या शतकात बाबा बुदन ह्या सूफी साधूने मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या व चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा आहे. नवलाची वस्तू होती ती बर्फ! १८३३ साली बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर ह्या व्यापाऱ्याने तिकडच्या गोठलेल्या तळ्यांतील बर्फ 'टस्कनी' नावाच्या जहाजात भरून कलकत्त्यास पाठविला. निघताना सुमारे १८० टन होता, चार महिन्यांनी सुमारे १०० टन हाती लागला. पुढे मुंबईतही असा बर्फ येऊ लागला व गोदीच्या परिसरात त्याच्यासाठी स्वतंत्र बर्फघर उभे राहिले. जमशेटजी जीजीभाईंनी एका मेजवानीत आइस्क्रीम वाढले, यजमानांना नि पाहुण्यांना पडसे झाले, आणि 'मुंबई समाचारा'ने ते योग्यच झाले असा शेरा मारला, असे मुंबईच्या इतिहासात नमूद आहे. पडसे आइस्क्रीमने होत नाही हे आज आपण जाणतो. पण शेरा मारण्याची हौस मात्र तशीच आहे!

तिकडे अल्जीरियातील माझाग्रान येथे १८४० साली वेढ्यात सापडलेल्या फ्रेंच शिपायांच्या नावाने गार पाण्यातील कॉफी प्रसिद्ध झाली. थंड कॉफीच्या जुन्या प्रकारांत तिचे नाव प्रथम घेतात.

आपल्याकडे कॉफीचा गाजावाजा झाला तो मात्र मंदीमुळे. १९३० नंतर भारतीय कॉफीला परदेशी गिऱ्हाईक राहिले नाही, तेव्हा देशातच ती खपावी म्हणून कॉफी सेस कमिटीने १९३६ साली मुंबईत चर्चगेटला पहिले इंडिया कॉफी हाऊस काढले. पुढे १९५७ च्या सुमारास कॉफी बोर्ड ही दुकाने बंद करू लागले, तेव्हा कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या मार्गदर्शनाने सहकारी संस्था काढून ती चालविली. कॉफी हाऊसांतील चर्चा, राजकारण, नवकाव्य ह्यांवर पुरुषांनी भरभरून लिहिले आहे. त्या लिखाणात टेबलापाशी बसलेली बाई क्वचितच दिसते. बाईमाणसाने हॉटेलात जाणे तेव्हा बहुतेक घरांत शिष्टसंमत नव्हते. आणि गेलीच तर 'फॅमिली रूम'चा पडदा असेच. म्हणून आपल्या आया-मावश्यांच्या दृष्टीने थंड कॉफीचा इतिहास हॉटेलात नव्हे, तर स्वयंपाकघरातच घडला, असे माझे मत आहे.

१९६० नंतरच्या दशकात आम्ही गिरगावात चाळीत राहत होतो. गोदरेजने १९५८ पासून देशी रेफ्रिजरेटर बनविण्यास आरंभ केला होता, तरी आमच्या मजल्यावर तो एकाच बिऱ्हाडी होता. पाहुणे आले की आम्ही मुले पातेली घेऊन तेथे बर्फ मागायला जात असू. आई गार दुधात कॉफी घालून ताकाच्या रवीने घुसळी, दोरी नव्हे, तळव्यांमध्ये फिरवून. फेस पाहुण्यांच्या पेल्यांत जाई. पातेल्याच्या तळाशी उरेल ते आई ओट्याशी उभ्याउभ्या पिई. त्यात तिला काही विशेष वाटत नसे. मला आता वाटते.

रवीची सुटका करणारे यंत्रही एका गृहिणीच्या अडचणीतूनच आले. मुंबईच्या माधुरी माथुर यांचा परदेशी मिक्सर आपल्याकडच्या वाटणापुढे टिकला नाही. त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर इंजिनियर. त्यांनी दमदार मोटर बसवून १९६३ साली 'सुमीत' बाजारात आणला. चटणीसाठी घेतलेल्या ह्या भांड्यात दुपारी कॉफी घुसळली जाऊ लागली, ती आजतागायत.

झटपट विरघळणाऱ्या कॉफीचा उगमही सुगीच्या संकटातला. ब्राझीलमध्ये कॉफी इतकी पिकली की ती जाळावी लागली. त्या शिल्लक मालाच्या विचारातून १९३८ साली 'नेसकॅफे' निघाली. १९५७ साली ग्रीसमधील थेसालोनिकीच्या प्रदर्शनात दिमित्रिस वाकोंदियोस यांना गरम पाणी मिळेना, म्हणून त्यांनी ती पूड गार पाण्यात हलवून प्याली व 'फ्रापे' जन्मली, अशी हकीकत सांगतात. १९९५ साली स्टारबक्सने 'फ्रापुचिनो' गाजविली. तिचे नाव मूळ बॉस्टनच्याच एका कॉफीवाल्यांकडून आलेले. २०१२ साली त्यांचे दुकान मुंबईत हॉर्निमन सर्कलला उघडले. बॉस्टनचा माल जुन्या गोदीपासून हाकेच्या अंतरावर पुन्हा उतरला म्हणायचा! आणि २०२० च्या टाळेबंदीत 'डालगोना' म्हणून जिचे कौतुक झाले, ती चमच्याने फेटलेली कॉफी आपल्याकडे कितीतरी घरांत आधीपासूनच होत होती.

आता कृती. दोन पेल्यांस दोन चहाचे चमचे कॉफीपूड व चार चमचे साखर दोन मोठे चमचे कोमट पाण्यात फेटावी. गार दुधात साखर लवकर विरघळत नाही, म्हणून हा खटाटोप. थंड पदार्थात गोडी कमी लागते, तेव्हा साखरेत फार कंजुषी नको. दूध तापवून पुरते गार केलेले व साय काढलेले असावे. साय राहिली तर लोण्याचे कण तरंगतात. बर्फ उकळलेल्या पाण्याचा, फडक्यात गुंडाळून बत्त्याने फोडलेला; लादीचा बाजारी बर्फ पेल्यात घालू नये. सारे मिक्सरमध्ये मिनिटभर फिरवावे. माणसे तीन असतील तर चौघांचे प्रमाण घ्यावे. चौथा पेला करणारीचा, आणि तो बसून प्यावा. बर्फ वितळून कॉफी पाणचट होते असे वाटल्यास उरलेली कोरी कॉफी ट्रेमध्ये गोठवून ठेवावी आणि बर्फाऐवजी त्याच वड्या घालाव्यात.