नेटच्या दोन्ही बाजूंना : लांग पिंगची कहाणी

स्मरणिकेसाठी दरवर्षी लेख मागितला जातो आणि दरवर्षी 'पुढच्या वेळी नक्की' असे सांगून मी वेळ मारून नेतो. यंदा मात्र संपादक मंडळातल्या मुली घरी येऊन ठाणच मांडून बसल्या. "काका, तुम्ही व्हॉलीबॉलवर लिहा, बाकी कशावर नको," असा त्यांचा आदेश. तेव्हा वाचकहो, चूकभूल द्यावी घ्यावी.

जुन्या मंडळींना आठवत असेल, आम्ही भिलाईत नवीन आलो तेव्हा सेक्टरच्या मैदानावर दोन खांब रोवून नेट बांधलेले असायचे. फर्स्ट शिफ्ट सुटली की चहा घेऊन सगळे तिथेच. आमच्या टीमचा स्मॅशर पंजाबी, लिफ्टर केरळचा, आणि ऐन मोक्याला सर्व्हिस नेटमध्ये मारणारा मी मराठी! घर सोडून आलेल्या माणसांना त्या नेटने एकत्र बांधले, असे मला आजही वाटते.

१९८२ च्या नोव्हेंबरात दिल्लीला नववे एशियाड भरले होते. मी तेव्हा कामानिमित्त दिल्लीत होतो. मेव्हण्यांच्या ओळखीने चीनच्या महिला संघाच्या एका सामन्याचे तिकीट मिळाले. खरे तर मला आपल्या पुरुषांचा सामना बघायचा होता, पण फुकटचे तिकीट कोण सोडतो? त्या दिवशी एका उंच, सडपातळ मुलीचा स्मॅश पाहिला आणि आमच्या पंजाबी दोस्ताचा स्मॅश म्हणजे पोरखेळ वाटू लागला. चेंडू पडल्यावर फरशीचा आवाज वरच्या रांगेपर्यंत यायचा. तिचे नाव लांग पिंग. तिला बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. एशियाडमधले महिला व्हॉलीबॉलचे सुवर्ण तोवर प्रत्येक वेळी जपाननेच नेले होते. दिल्लीत ते पहिल्यांदा चीनकडे गेले.

लांग पिंगचा जन्म डिसेंबर १९६० चा, तिआनजिन शहरातला. उंची सहा फुटांच्या थोडी वर. १९७८ मध्ये ती राष्ट्रीय संघात आली. प्रशिक्षक होते युआन वेइमिन, शिस्तीचे अत्यंत कडक. फुजियान प्रांतातल्या झांगझोउ गावी या संघाचे सराव शिबिर भरत असे. तिथली सुरुवातीची मैदाने बांबूच्या मांडवाखाली, मातीची होती. मुलींना ताकदवान स्मॅशची सवय व्हावी म्हणून नेटपलीकडे पुरुष खेळाडू उभे केले जात. त्यांच्यापैकी एक चेन झोंगहे. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९८१ साली जपानमध्ये विश्वचषक झाला. शेवटचा सामना यजमान जपानशी. तोवर चीन अपराजित होता. हिशेब असा होता, की दोन सेट जिंकले तरी गुणतालिकेवर चषक चीनचाच. चीनने पहिले दोन सेट घेतले आणि आनंदाच्या भरात मुली ढिल्या पडल्या. पुढचे दोन सेट जपानने घेतले. चषक हाती असूनही प्रशिक्षकांनी मुलींना चांगलेच फैलावर घेतले, आणि पाचवा सेट चीनने १७-१५ असा खेचून आणला. आजच्या मुलांना सांगायला हवे, तेव्हा सेट १५ गुणांचा असे आणि गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या संघाला मिळे. प्रत्येक चेंडूला गुण आणि २५ चा सेट ही पद्धत १९९० च्या दशकाच्या शेवटी आली. त्यामुळे १७-१५ म्हणजे काय रक्त आटवणे असेल, हे जुने खेळाडूच जाणोत.

चीनला मोठ्या सांघिक खेळात मिळालेले ते पहिले जागतिक विजेतेपद. त्यानंतर १९८२ ची पेरूमधली जागतिक स्पर्धा, १९८४ चे लॉस एंजेलिस ऑलिंपिक आणि १९८५ चा विश्वचषक, सगळे याच संघाने जिंकले. लॉस एंजेलिसमध्ये गटात अमेरिकेकडून ३-१ ने हार झाली होती. अंतिम फेरीत त्याच अमेरिकेला त्यांच्याच घरी सरळ तीन सेटमध्ये हरवून तिने सुवर्ण घेतले. लोकांनी तिला नाव दिले 'पोलादी हातोडा'. आपण भिलाईकर पोलादाची माणसे, हे नाव आपल्याला लगेच कळते!

आता खरी गोष्ट सुरू होते. खेळाडूचे आयुष्य केवढे? पंचविशीत गुडघे बोलू लागतात. १९८६ च्या जागतिक स्पर्धेत चीन पुन्हा जिंकला, तेव्हा लांग पिंग बाकावर होती, सहायक प्रशिक्षक म्हणून. १९८७ मध्ये ती अमेरिकेला गेली. न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकायचे आणि तिथल्या संघाला सहायक म्हणून शिकवायचे, असा दुहेरी कार्यक्रम. जिला सारा चीन ओळखत होता, तिला तिथे कोण ओळखणार? भाषेपासून पुन्हा श्रीगणेशा. परमुलखात पहिली भाड्याची खोली घेतलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळे सांगायला नको. मध्ये इटलीतल्या क्लबकडून ती खेळली, १९९० मध्ये चीनसाठी एकदा पुन्हा मैदानात उतरून जागतिक रौप्यही घेतले.

इकडे चीनच्या संघाची मात्र घसरगुंडी झाली. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये सातवा क्रमांक, १९९४ च्या जागतिक स्पर्धेत आठवा. १९९५ मध्ये तिला बोलावणे आले आणि ती परतली. मदतनीस कोण? तेच चेन झोंगहे. वर्षभरात अटलांटा ऑलिंपिकचे रौप्य, १९९८ मध्ये जागतिक रौप्य. दोन्ही वेळा आड आला तो क्युबाचा जबरदस्त संघ. पण तब्येतीने साथ सोडली आणि तिने पद सोडले. पुढची काही वर्षे इटलीतल्या क्लबना शिकवण्यात गेली.

२००५ मध्ये तिने अमेरिकेच्या महिला संघाचे प्रशिक्षकपद स्वीकारले. मुलगी अमेरिकेत होती, तिच्याजवळ राहता यावे हे त्यामागचे एक मोठे कारण. चीनमध्ये यावर दोन्ही बाजूंनी भरपूर बोलले गेले. आणि नियतीचा खेळ बघा, २००८ चे ऑलिंपिक नेमके बीजिंगला! १५ ऑगस्ट २००८ रोजी गटात चीन विरुद्ध अमेरिका. चीनच्या बाकावर चेन झोंगहे, ज्यांनी २००४ मध्ये अथेन्सला चीनला सुवर्ण मिळवून दिले होते. अमेरिकेच्या बाकावर लांग पिंग. झांगझोउच्या मैदानावर नेटच्या दोन बाजूंना उभी राहिलेली ही दोन माणसे पुन्हा नेटच्या दोन बाजूंना. अमेरिका ३-२ ने जिंकली, पुढे अंतिम फेरीत ब्राझीलकडून हरून तिला रौप्य मिळाले. चीनला कांस्य.

इथे मला घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमची धाकटी शाळेपासून व्हॉलीबॉल खेळायची. छत्तीसगडच्या ज्युनियर संघात तिची निवड झाली आणि एका स्पर्धेत गाठ पडली ती महाराष्ट्राशी. मी साताऱ्याला दादांना कौतुकाने फोन केला. दादा म्हणाले, "मग तू टाळ्या कुणासाठी वाजवल्यास रे?" मी म्हटले, "लेकीसाठी." दादा हसले, पण त्या हसण्यात काहीतरी होते. मला ते बरेच दिवस टोचत राहिले.

पुढे तिचा गुडघा दुखावला आणि खेळ थांबला. ती म्हणाली, "मी पतियाळाला जाऊन कोचिंगचा डिप्लोमा करते." माझे उत्तर होते, "खेळून झाले, आता बँकेच्या परीक्षा दे. कोच होऊन कुणाचे घर चालले आहे?" दोन महिने बापलेकीत कामापुरतेच बोलणे. बीजिंगच्या त्या सामन्याची बातमी पेपरात आतल्या पानावर चार ओळींत आली होती. तिने ती कापून माझ्या चहाच्या कपाखाली ठेवली. म्हणाली, "बाबा, दिल्लीची गोष्ट तुम्ही मला शंभर वेळा सांगितलीत. ती खेळून थांबली असती, तर तुम्हाला तिचे नाव तरी लक्षात राहिले असते का?" मला उत्तर सुचले नाही. त्या वर्षी बँकेचा फॉर्म भरला गेला नाही, पतियाळाचा भरला गेला.

लांग पिंगची कहाणी अजून संपली नव्हती. २०१३ मध्ये ती पुन्हा चीनच्या संघाकडे आली. संघाची अवस्था अशी, की त्या वर्षी आशियाई स्पर्धेतही चौथा क्रमांक आला. तिने मोठा चमू उभा केला, नव्या मुलींना भराभर संधी दिली, दुखापतींसाठी तज्ज्ञ आणले. 'आमच्या वेळी असे नव्हते' हा आपला लाडका मंत्र तिने जपला नाही, हे विशेष. हेनान प्रांतातल्या शेतकरी घरातली झू तिंग याच संघातून जगापुढे आली. २०१५ चा विश्वचषक मिळाला.

२०१६ ला रिओमध्ये मात्र गटातच तीन पराभव झाले. चौथ्या क्रमांकाने कशीबशी बाद फेरी, आणि समोर यजमान व गतविजेता ब्राझील. पहिला सेट गेला, तरी सामना ३-२ ने जिंकला. मग नेदरलँड्स, मग अंतिम फेरीत सर्बिया, ज्यांनी गटात तीन सेटमध्ये धुतले होते. आपल्याकडे रविवारची सकाळ होती. धाकटी आणि मी चहा घेऊन टीव्हीपुढे. चीन ३-१ ने जिंकला. खेळाडू म्हणून आणि मुख्य प्रशिक्षक म्हणूनही ऑलिंपिक सुवर्ण मिळवणारी लांग पिंग ही व्हॉलीबॉलमधली पहिलीच व्यक्ती. शेजारी पाहिले तर आमच्या कोचबाई डोळे पुसत होत्या. मीही चष्मा पुसला.

२०१९ चा विश्वचषक चीनने अकरापैकी अकरा सामने जिंकून घेतला. पण २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पहिले तिन्ही सामने हरून संघ गटातच बाद झाला आणि तिथेच लांग पिंगने निरोप घेतला. शेवट गोड झाला नाही. पण तिच्या हाताखाली वेगवेगळ्या देशांतल्या मुली घडल्या, ते काही टोकियोत पुसले गेले नाही.

दादा आज नाहीत. असते तर त्यांना सांगितले असते, की ज्या मातीत आपण घाम गाळला ती परकी राहत नाही आणि जिथून आलो तीही सुटत नाही. टाळ्या दोन्हीकडे वाजवता येतात.

आमची धाकटी रोज संध्याकाळी साडेपाचला सेक्टरच्या त्याच मैदानावर बारा-चौदा मुलींना शिकवते. मराठी, तेलुगू, छत्तीसगढी, सगळ्या. नेट मात्र दोन ठिकाणी फाटले आहे. मंडळाच्या कार्यकारिणीने यंदाच्या शिल्लक रकमेतून नवीन नेटचा विचार करावा, ही विनंती. आणि आपल्या मुली-नातींना जरूर पाठवा. लिफ्टरची जागा रिकामी आहे.