विमानाला काचेचे छत

डेक्कन एक्स्प्रेसला 26 जून 2021 रोजी छताला काचा असलेला डबा जोडला गेला आणि पावसाळ्यातला बोरघाट लोकांना मान वर करून पाहता येऊ लागला. आगगाडीला जे साधले ते विमानाला का साधू नये, असे कोणाच्याही मनात सहज येईल. माझ्याही आले.

आमच्या बार्शीकडे जुन्या धाब्याच्या घरांत उजेडासाठी छताला एक भोक ठेवीत. त्याला साणे म्हणत. गवंडी ते दोन कड्यांच्या मधल्या जागेत काढी. तुळईला मात्र तो हात लावीत नसे; कारण घराचा भार कोणी उचलला आहे हे त्याला ठाऊक असे.

भार कोणी उचलायचा, याच प्रश्नावर बार्शीची आगगाडी उभी राहिली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने अडीच फूट रुंदीची ही लाइन 1897 साली सुरू केली. हलके रूळ आणि जड माल यांचा मेळ घालण्यासाठी त्याने ठरविले की, कोणत्याही आसावर 5 टनांहून अधिक भार येता कामा नये. इंजिनाला आस वाढवावे आणि वजन सर्वांना सारखे वाटून द्यावे. या हिशेबावर ती गाडी पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेली.

याच कॅलथ्रॉपचे नाव विमानाच्या इतिहासातही आहे, हे आमच्या गावात फार थोड्यांना माहीत असेल. त्याचा मित्र चार्ल्स रोल्स (मोटारीच्या नावातला रोल्स तोच) 12 जुलै 1910 रोजी विमान कोसळून मरण पावला. तेव्हापासून कॅलथ्रॉप हवाई छत्रीच्या मागे लागला. त्याच्या छत्रीचे नाव ‘गार्डियन एंजल’. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या मुलखात हेर उतरविण्यासाठी ती वापरली गेली. ब्रिटिश वैमानिकांच्या वाट्याला मात्र ती आली नाही. त्या काळच्या विमानाला छतच नसे. बसणाऱ्याच्या डोक्यावर सारे आकाश मोकळे!

छत आले ते विमाने उंच जाऊ लागल्यावर, आणि त्याबरोबर त्याला साणेही आले. रात्री तारे पाहून मार्ग काढणाऱ्या मार्गदर्शकासाठी मोठ्या विमानांच्या पाठीवर एक लहानसा पारदर्शक घुमट बसवीत. मार्च 1947 मध्ये अटलांटिक महासागरावर एका अमेरिकन कॉन्स्टेलेशन विमानाचा असा घुमट उडाला. आतल्या हवेने त्याखालच्या मार्गदर्शकाला उचलून बाहेर फेकले. बिचारा तारे पाहत होता!

हा रेटा केवढा असतो? जेट विमान 11 किलोमीटर उंचीवर असताना बाहेरच्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या चौथाईहूनही कमी असतो. आत मात्र, आपण सुमारे 2,400 मीटर उंचीच्या डोंगरावर बसलो आहोत इतपत दाब राखावा लागतो. या दोहोंतील फरकामुळे छताच्या दर चौरस मीटरला आतून बाहेर पाच टनांहून अधिक रेटा बसतो. कॅलथ्रॉपने जेवढा भार लोखंडी आसावर टाकला, त्याहून अधिक भार येथे पातळ पत्र्याच्या एका तुकड्याने सोसायचा! पत्रा, फासळ्या आणि पट्ट्या मिळून तो वाटून घेतात. विमानाचे सारे अंगच तुळई आहे; गवंड्याने भोक पाडायचे कोठे?

10 जानेवारी 1954 रोजी रोमहून निघालेले कॉमेट जेट विमान एल्बा बेटाजवळ आकाशातच फुटले आणि आतील सर्व 35 माणसे गेली. समुद्रातून अवशेष काढले. दुसऱ्या एका कॉमेटचे धड पाण्याच्या हौदात ठेवून त्याच्यावर दाब चढवून-उतरवून पाहिला, तेव्हा खिडकीच्या कोपऱ्यापासून ते फाटले. एल्बाच्या विमानाची चीर तर छतावरच्या, दिशाशोधक यंत्रासाठी ठेवलेल्या दोन भोकांपाशी सुरू झाली होती. प्रत्येक उड्डाणात विमान किंचित फुगते आणि उतरताना आकसते; अशाने धातू थकतो, आणि कोपऱ्याशी प्रथम थकतो. पुढच्या कॉमेट विमानांचा पत्रा जाड झाला आणि खिडक्यांचे कोपरे गोल झाले.

मग काचेचे छत अशक्यच का? तसे नाही. लढाऊ विमानाच्या वैमानिकाच्या डोक्यावर पारदर्शक झाकण असतेच; पण ते एका-दोघांपुरते. प्रवासी विमानाच्या खिडकीत असते ते ॲक्रिलिक धातूइतके बळकट नाही. छत त्याचे करायचे तर जाडी वाढेल, फासळ्या राहतीलच, आणि वजनापायी माणसे कमी न्यावी लागतील. वरून उन्हाचा मारा वेगळाच. एअरबस कंपनीने 2011 साली पारदर्शक अंगाच्या विमानाचे एक कल्पनाचित्र दाखविले होते. तेही 2050 साठी! माझे मत विचाराल, तर त्या उंचीवर डोक्यावर दिसणार काय? नुसते गडद निळे आकाश. ढग, नद्या, शेते सारी खाली.

हे मी वर्गात सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरून एकजण उठला. ‘‘गुरुजी, मग तळच काचेचा करावा!’’

तळाखाली प्रवाशांच्या पेट्या असतात, हे त्याला सांगावे लागले.