‘आधी कुंपण, मग माफी’
१२. रोख अमेरिका-मेक्सिको सीमेकडे आहे. १९८६च्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर वास्तव्य मिळाले, पण चोरवाटा चालूच राहिल्या. तेव्हापासून विरोधकांनी ही अट लावून धरली. २००६च्या ‘सिक्युअर फेन्स अ‍ॅक्ट’ने सुमारे ७०० मैल कुंपण मंजूर केले. टेक्सासात ते रिओ ग्रांदेच्या पूरबांधालगत, काठापासून बरेच आत घालावे लागले. त्यामुळे काहींची शेते, घरेसुद्धा कुंपणापलीकडे, पण अमेरिकेतच राहिली. व्हिसावर विमानाने येऊन मुदतीनंतरही राहणाऱ्याला कुंपण अडवत नाही, हे लेखक सोयीस्करपणे विसरतात. सीमारक्षक जवळपास दुप्पट करू पाहणारे २०१३चे सुधारणा विधेयक सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी संमत केले. प्रतिनिधिगृहाने ते मतदानालाच घेतले नाही. (संपा.)