जर्मन फायटर विमानाच्या स्किनसाठी अचूक रंग कसे निवडायचे?

वॉर थंडर किंवा आयएल-२ सारख्या गेममध्ये १९४४-४५ मधलं बीएफ १०९ के-४ तुम्ही उडवलं असेल. या एका विमानाच्या पाच स्किन डाउनलोड करा, पाचही हिरवे रंग वेगळे निघतील. मग खरा कुठला? आजच्या लेखात मी स्किन बनवताना वापरतो ती पद्धत सांगणार आहे.

आरएलएम नंबर म्हणजे काय?

आरएलएम म्हणजे तेव्हाचं जर्मन हवाई मंत्रालय. त्यांनी प्रत्येक रंगाला नंबर दिला होता. आपल्या कामाचे हे:

• ७४ – हिरवट राखाडी
• ७५ – जांभळट राखाडी
• ७६ – फिकट निळसर राखाडी, विमानाच्या खालच्या बाजूला
• ८१ – तपकिरी-जांभळट
• ८२ – उजळ हिरवा
• ८३ – गडद हिरवा मानला जातो, पण अभ्यासकांमध्ये यावर वाद आहे

७४ आणि ७५ हे आकाशातल्या लढाईला साजेसे रंग. पुढे शत्रूची विमानं थेट धावपट्टीवर येऊन हल्ले करू लागली, तेव्हा जमिनीवर लपणं जास्त गरजेचं झालं. म्हणून १९४४ पासून वरच्या बाजूला ८१, ८२, ८३ दिसू लागले.

गोंधळ का होतो?

७४ ते ७६ चे नमुने १९४१ च्या अधिकृत रंगकार्डात आहेत. ८१ ते ८३ नंतर आले, त्यामुळे ते त्या कार्डात नाहीत. त्यातच बॉम्बहल्ल्यांमुळे कारखान्यांचं काम ठिकठिकाणी विखुरलं होतं. पंख एकीकडे रंगायचे, शेपूट दुसरीकडे. जोडणी झाल्यावर एकाच विमानावर दोन-तीन छटा! ७६ तर काही विमानांवर चक्क हिरवट-पिवळसर दिसतो. काहींच्या पंखाखालचा बराच पत्रा रंगवलेलाच नव्हता.

फोटोंवर किती विश्वास ठेवायचा?

ब्लॅक अँड व्हाइट फोटोत ८१ आणि ८३ जवळपास सारखेच राखाडी दिसू शकतात. काही जुन्या फिल्मवर लाल रंग काळा आणि निळा फिकट उमटायचा. म्युझियममधल्या बऱ्याच विमानांना नंतर नवा रंग दिलेला असतो. म्हणूनच कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन वॉर मेमोरियलमधलं बीएफ १०९ जी-६ मोलाचं आहे, कारण त्यावर युद्धकाळातला मूळ रंग बराचसा टिकून आहे.

माझी पद्धत, स्टेप बाय स्टेप

१. एकच विमान निवडा. नुसतं ‘के-४’ नाही, तर ज्याचे फोटो आहेत असं ठराविक विमान. उत्पादन क्रमांक मिळाला तर कारखान्याचा अंदाज येतो आणि कारखान्यावरून रंगांचा.

२. फोटोवरून आयड्रॉपरने रंग उचलू नका. त्यात ऊन, सावली आणि स्कॅनरची करामत मिसळलेली असते. रंगाच्या नमुन्याची मोजलेली लॅब व्हॅल्यू शोधा आणि ती एसआरजीबीमध्ये बदला.

३. बेस कलरमध्ये फक्त रंग ठेवा. ऊन, सावली आणि लांबचा धूसरपणा गेम इंजिन स्वतः देतं. प्लॅस्टिक मॉडेल बनवणारे रंग मुद्दाम फिकट करतात, आपल्याला त्याची गरज नाही. चमक कमी-जास्त करायची असेल तर ती रफनेस मॅपमध्ये करा.

४. स्क्रीन तपासा. मोबाइलवर व्हिव्हिड मोड असेल तर हिरवा भडक दिसतो, नाइट लाइट चालू असेल तर ७६ पिवळट. दोन्ही बंद करून नॅचरल मोडवर बघा.

५. वर्णनात खरं ते लिहा. ‘पंखांचे रंग फोटोवरून, शेपटीचा अंदाजाने’ एवढी एक ओळ पुरते.

पाचवी स्टेप बहुतेक जण सोडून देतात, पण माझ्या मते तीच सर्वात महत्त्वाची. स्किन शेअर झाली की पुढचा माणूस तिचाच स्क्रीनशॉट पुरावा म्हणून वापरतो. दोन-चार वेळा असं झालं की आपला अंदाज इतिहास बनून फिरायला लागतो. ८१ ते ८३ साठी एकच ‘बरोबर’ हेक्स कोड देणं कोणालाच शक्य नाही. पण तुमचा कोड कुठून आला, हे मात्र तुम्ही नक्की सांगू शकता.

तुम्ही कुठल्या विमानाची स्किन बनवताय? कमेंटमध्ये नक्की सांगा.