हाँगकाँगचे कुंग-फूपट : गुण आणि दोष

सुशिक्षित मनुष्याची एक खोड अशी आहे कीं, एखादी करमणूक बहुजनसमाजास फार आवडूं लागली म्हणजे तो तिच्याविषयीं विचार करणेंच सोडून देतो. ती हलकी ठरविली कीं तिच्या परीक्षणाचें काम संपलें, असें त्यास वाटतें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हाँगकाँगमध्यें निघालेल्या कुंग-फूच्या स्वस्त चित्रपटांच्या वांट्यास हेंच आलें. तकलादू देखावे, ओठांशीं न जुळणारे संवाद, आणि घटकाभरही उसंत न घेणारी मारामारी, एवढें सांगून त्यांचा निकाल लावण्यांत येतो. हे दोष खरे आहेत. त्यांपैकीं एकाचेंही समर्थन करण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु तकलादू वस्तु जगांत पुष्कळ निघतात आणि वर्षाच्या आंत विसरल्या जातात. हे चित्रपट मात्र अर्धें शतक उलटल्यावरही आवडीनें पाहिले जातात. असें कां व्हावें, हा प्रश्न इतिहासाचा आहे, आणि त्याचें उत्तरही इतिहासांतच शोधिलें पाहिजे.

या चित्रपटांचें मूळ हाँगकाँगांत नसून शांघायांत आहे. तेथील मिंगशिंग कंपनीनें १९२८ सालीं ‘लाल कमळाच्या मंदिराचें दहन’ अशा अर्थाच्या नांवाचा एक मूकपट काढला. एका लोकप्रिय कादंबरीच्या आधारें रचलेल्या त्या कथेंत आकाशांतून उडणारे वीर आणि आपोआप लढणाऱ्या तलवारी यांची रेलचेल होती. लोकांच्या अक्षरशः उड्या पडल्या, आणि १९३१ पर्यंत त्याचे अठरा भाग निघाले. पुढें नानकिंग येथील सरकारनें, असल्या अद्भुत कथा लोकांच्या अंधश्रद्धेस खतपाणी घालतात, म्हणून त्यांवर बंदी आणिली. त्या अठरा भागांपैकीं एकही भाग आज संपूर्ण उपलब्ध नाहीं. युद्धांनीं पुष्कळ नाश केला हें खरें. पण ज्या वस्तूस शहाणे लोक मान देत नाहींत, ती जपून ठेवण्याचेंही कोणाच्या मनांत येत नाहीं, हेंही तितकेंच खरें. अभिरुचीच्या नांवाखालीं केलेल्या उपेक्षेची किंमत इतिहासास अशी भरावी लागते.

चीनमध्यें १९४९ सालीं राज्यक्रांति झाली आणि आधींच गर्दीच्या हाँगकाँग बेटावर निर्वासितांचे लोंढे येऊन आदळले. त्याच वर्षीं दिग्दर्शक वू पांग यानें वोंग फेइ-हुंग याच्या चरित्रावरील पहिला चित्रपट काढला. हा वोंग म्हणजे क्वांगतुंग प्रांतांत खरोखरीच होऊन गेलेला वैद्य आणि मल्लविद्येचा वस्ताद. क्वान ताक-हिंग या नटानें ती भूमिका सुमारें सत्तर चित्रपटांत केली; एकट्या १९५६ सालांतच या मालिकेचे पंचवीसच्या आसपास चित्रपट पडद्यावर आले! दोन आठवड्यांस एक या वेगानें निघालेल्या कृतींत कलाकुसर ती कोठून असणार? पण त्यांत एक नवी गोष्ट होती. उडणाऱ्या तलवारी जाऊन त्यांच्या जागीं दक्षिण चीनमधील खरे डावपेंच आले. प्रत्यक्ष वोंगच्या शिष्याचा शिष्य लाऊ चाम हा या चित्रपटांत काम करीत असे. आणि त्याचा मुलगा लाऊ कार-लेउंग हा पुढें या कलेंतील अग्रगण्य दिग्दर्शक झाला. घरदार सोडून आलेल्या लोकांस आपल्या गांवची विद्या, आपल्या बोलींत, चार पैशांच्या तिकिटांत पाहावयास मिळत होती. ज्यास आम्ही हलकी करमणूक म्हणतों, तिच्या आश्रयानें एक गुरुपरंपरा टिकून राहिली, ही गोष्ट टीकाकारांनीं विसरतां कामा नये.

आतां या चित्रपटांच्या आकर्षणाचें मर्म पाहूं. ‘कुंग-फू’ या चिनी शब्दाचा अर्थ मारामारी असा नाहीं. दीर्घ अभ्यासानें अंगीं आलेलें कौशल्य, असा आहे. लाऊ कार-लेउंग याच्या १९७८ च्या ‘शाओलिनची छत्तिसावी खोली’ या चित्रपटांत हा अर्थ स्पष्ट दिसतो. त्यांतील तरुण सूड घेण्यासाठीं मठांत येतो. पण त्यास कोणी मंत्र देत नाहीं कीं दैवी शस्त्र देत नाहीं. पाण्याच्या बादल्या उचलणें, तोल सांभाळणें, दृष्टि आणि मनगट यांस वळण लावणें, यांतच त्याचीं वर्षें जातात, आणि चित्रपटाचा फार मोठा भागही त्यांतच जातो. प्रेक्षक कंटाळत नाहींत, कारण गिरणींत किंवा गोदींत राबणाऱ्या माणसास ही भाषा समजते. वंश, संपत्ति आणि पदवी यांपैकीं कांहीं नसतांही केवळ मेहनतीनें मनुष्य मोठा होतो, हें आश्वासन त्यास दुसरीकडे कोण देणार?

शिवाय, ही मेहनत पडद्याबाहेरही खरी होती. जॅकी चॅन, सामो हुंग यांच्यासारखे नट लहानपणींच पेकिंग पद्धतीच्या संगीत नाटकांच्या शाळेंत अनेक वर्षांच्या करारानें बांधले गेले होते. पहांटेपासून रात्रीपर्यंत कसरत, आणि चुकल्यास छडी, असा तेथील क्रम असे. अशीं अंगें तयार असल्यावर निर्मात्यास मोठ्या देखाव्यांची गरज नव्हती. शॉ बंधूंचा विस्तीर्ण स्टुडिओ १९६१ सालीं उघडला, तेथेंसुद्धां एकच अंगण अनेक चित्रपटांत वापरलें जाई. लहान कंपन्या तर जवळच्या टेकडीवर कॅमेरा नेऊन उभा करीत. कॅमेरा थोडा सावकाश फिरवून हालचाली जलद भासविणें, उडीसाठीं लवचीक जाळी वापरणें, या युक्त्या होत्याच. पण गरगर फिरणारा, पडणारा आणि पुन्हां उठणारा देह खराच असे. पैशाची उणीव देहानें भरून काढिली, हेंच या चित्रपटांचें रहस्य.

१९७१ सालीं ब्रूस ली याचा ‘द बिग बॉस’ हा चित्रपट आला. थायलंडमधील एका लहान गांवीं, बेताच्या खर्चांत काढलेल्या या चित्रपटाचा नायक बर्फाच्या कारखान्यांतील मजूर आहे. एकट्या हाँगकाँगांत त्यानें तेथील तीस लाखांहून अधिक डॉलर मिळविले. १९७३ सालीं ही लाट अमेरिकेंत पोंचली, आणि मोठ्या शहरांच्या मध्यभागांतील जुनाट चित्रपटगृहें कृष्णवर्णीय तरुणांनीं भरून गेलीं. यांत नवल नाहीं. गोरा नसलेला, गरीब, आणि हातांत बंदूक नसतांही अपमान सहन न करणारा नायक त्यांस पूर्वीं कितीसा दिसला होता? भाषांतर वाईट होतें. पण अर्थ पोंचला होता.

येथवर गुण झाले. दोषांचा खरा इतिहास २० जुलै १९७३ या दिवसापासून सुरू होतो. त्या दिवशीं ब्रूस ली अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं वारला. बाजारांत मागणी होती आणि माल उरला नव्हता; तेव्हां व्यापाऱ्यांनीं त्याच्यासारख्या दिसणाऱ्या तरुणांस त्याच्याशीं मिळतींजुळतीं नांवें देऊन पडद्यावर उभें केलें. त्यांतील कित्येक चांगले कसरतपटु होते. पण त्यांस स्वतःचें नांवही लाभलें नाहीं. ‘गेम ऑफ डेथ’ हा लीचा अपुरा राहिलेला चित्रपट १९७८ सालीं तोतयांच्या साहाय्यानें पुरा करण्यांत आला. त्यांत एके ठिकाणीं आरशावर त्याच्या चेहऱ्याचें चित्र चिकटविलें आहे. आणि कथेंतील अंत्ययात्रेसाठीं त्याच्या खऱ्या अंत्ययात्रेचीं दृश्यें वापरलीं आहेत! पुढील दशकांत तर कांहीं निर्मात्यांनीं परदेशांतील पडीक चित्रपट विकत घेऊन, त्यांत निन्जांचीं चार नवीं दृश्यें जोडून, नव्या नांवानें विकण्याचा धंदाच मांडला. अशा चित्रपटांतील दोन पात्रें टेलिफोनवर बोलतात, पण तीं एका चित्रपटांतलीं नसतात.

या ठिकाणीं एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. १९५६ चे वोंगपट स्वस्त होते आणि हे निन्जापटही स्वस्तच; पण पहिल्यांत कमी पैशांत जें देतां येईल तें दिलें जात होतें, दुसऱ्यांत जें नाहीं तें आहे असें भासविलें जात होतें. गरिबी हा कलेचा दोष नव्हे. लबाडी हा दोष आहे.

दुसरा दोष ऐतिहासिक सत्याविषयींच्या बेफिकिरीचा. मांचू सैन्यानें दक्षिणेंतील शाओलिन मठ जाळला आणि त्यांतून थोडे वीर निसटले, ही कथा शेंकडों चित्रपटांचा आधार आहे. परंतु तिला विश्वसनीय समकालीन पुरावा नाहीं. होनान प्रांतांतील मूळ मठाच्या भिक्षूंनीं ६२१ सालीं तांग घराण्यास युद्धांत मदत केली, हें मात्र शिलालेखावरून सिद्ध आहे. आमच्याकडे या चित्रपटांमुळें दुसरी एक समजूत पसरली आहे : भारतांतून गेलेल्या बोधिधर्मानें चिनी लोकांस ही विद्या शिकविली. ऐकावयास गोड अशी ही कथा सतराव्या शतकाच्या फारशी मागें जात नाहीं, आणि बोधिधर्म तर त्यापूर्वीं हजार वर्षें होऊन गेला. देशाभिमानास सुखावणारी गोष्ट अधिकच कसोशीनें तपासावी, हा इतिहासाभ्यासकाचा धर्म आहे. तो चित्रपटगृहाच्या दाराशीं सोडून येण्याचें कारण नाहीं.

तिसरा दोष आम्हांस सर्वांत गंभीर वाटतो. ज्या अंगमेहनतीनें हे चित्रपट तगले, तिची किंमत कोणी दिली? नायकाचें नांव जगास माहीत झालें; पण त्याच्या एका ठोशासरशीं माडीवरून खालीं पडणारे दहाजण कोण होते, हें कोणास ठाऊक नाहीं. ते पडणें खरें होतें, आणि दुखापतीही खऱ्या होत्या. बालपणींच्या छडीचें कौतुक करतांनाही हात आंवरला पाहिजे. त्या शाळेंतून निघालेले दोनचार कीर्तिमान झाले, म्हणून ती शिक्षा योग्य ठरत नाहीं.

तेव्हां या चित्रपटांविषयीं आमचा निर्णय असा आहे. त्यांस थोर कला म्हणण्याची जरूर नाहीं आणि कचरा म्हणून टाकून देणेंही अन्यायाचें आहे. घरांतील तरुण मंडळी असा एखादा चित्रपट पाहात असतील तर वडील माणसांनीं नाक न मुरडतां शेजारीं बसावें, देखाव्यांच्या उणिवांकडे दुर्लक्ष करावें, आणि फक्त इतकेंच पाहावें कीं, समोरच्या माणसानें ही विद्या खरोखर कमावली आहे कीं नाहीं. ती कमावलेली दिसली तर त्या श्रमास मान द्यावा; आणि त्याच्या हातून मार खाऊन बाजूस पडणाऱ्या निनावी माणसाकडेही क्षणभर लक्ष द्यावें. त्याचे श्रमही तितकेच खरे होते.