आग्रा रोडवरून मतपेटीकडे

१० नोव्हेंबर १९८० रोजी नाशिक जिल्ह्यातला शेतकरी कांद्याच्या आणि उसाच्या भावासाठी रस्त्यावर उतरला आणि रुळांवरही बसला. पिंपळगाव बसवंतमधून जाणारा मुंबई-आग्रा रोड थांबला. निफाड तालुक्यातल्याच खेरवाडीला रेल्वे अडवणाऱ्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात दोन शेतकरी मारले गेले. उसाला टनामागे ३०० रुपये ही मागणी तोवर मंत्रालयात कुणी फारशी मनावर घेतली नव्हती. या आंदोलनामुळे ती मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांच्या सरकारला मनावर घ्यावी लागली.

आंदोलनाचे नेते शेतकरी संघटनेचे शरद जोशी. स्वित्झर्लंडमधली संयुक्त राष्ट्रांची नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आलेला हा माणूस. नाशिक जिल्ह्यात त्यांच्या बाजूने पिंपळगावचे माधवराव खंडेराव मोरे, प्रल्हाद पाटील कराड आणि माधवराव बोरस्ते उभे राहिले. मोरे बोलायला लागले की सभा हलत नसे. सहकाराच्या आणि काँग्रेसच्या मुशीत घडलेल्या या भागात, पुढाऱ्याच्या तोंडावर शेतमालाच्या भावाचा हिशेब मागायची हिंमत या मंडळींनी गावोगाव रुजवली. तालुक्याच्या इतिहासात या गोष्टीचं मोल फार मोठं आहे.

पण निवडणूक? त्याबद्दल संघटनेचा सुरुवातीचा नियम कडक होता. आपण कधी मतं मागायला आलो तर जोड्याने मारा, असं जोशी स्वतःच सभांमधून सांगत. छातीवर संघटनेचा बिल्ला लावणारा माणूस कोणत्याही पक्षाचा असू शकत होता. बिल्ला पिकाच्या भावासाठी होता आणि मत ज्याचं त्याच्यापाशी. यामुळेच काँग्रेसवाला आणि विरोधक एकाच ट्रॅक्टरवर बसून आंदोलनाला जाऊ शकले. मात्र आंदोलन संपलं की मतदान पुन्हा जुन्याच वाटेने होई, आणि ज्यांच्या विरोधात रस्ता अडवला तेच निवडून येत.

ही अडचण संघटनेला लवकरच जाणवली. जानेवारी १९८२ मध्ये सटाण्याला पहिलं अधिवेशन झालं, फेब्रुवारी १९८४ मध्ये परभणीला दुसरं. १९८४ च्या लोकसभेला संघटना सत्ताधारी काँग्रेसच्या विरोधात उतरली, १९८५ च्या विधानसभेला तिने पुरोगामी लोकशाही दलाला साथ दिली. १९८७ च्या नांदेड लोकसभा पोटनिवडणुकीत जोशींनी प्रकाश आंबेडकरांसाठी जोर लावला. निवडून आले काँग्रेसचे अशोक चव्हाण. १९९० मध्ये संघटनेचे लोक जनता दलाच्या चिन्हावर विधानसभेला उभे राहिले आणि त्यांतले पाच निवडून गेले. राजुऱ्याचे वामनराव चटप आणि वरोऱ्याचे मोरेश्वर टेमुर्डे हे त्यांपैकी दोन, दोघेही विदर्भातले. चळवळीचा मोठा भडका जिथे उडाला त्या नाशिकपेक्षा कापसाच्या विदर्भात मतपेटी जास्त उघडली. १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष निघाला, तो मोठा झाला नाही.

रस्त्यावरची ताकद मतपेटीत का उतरू नये, याचं उत्तर मुंबईकडे पाहिलं की थोडं सापडतं. १९६७ मध्ये जॉर्ज फर्नांडिसांनी दक्षिण मुंबईत काँग्रेसच्या स. का. पाटलांना पाडलं, तेव्हा टॅक्सीवाल्यांची आणि महापालिकेच्या कामगारांची युनियन त्यांच्यामागे होती. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप कामगारांच्या हाती काहीच लागू न देता विरला. तरीही १९८४ च्या अखेरीस, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत, त्या संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत दक्षिण मध्य मुंबईतून अपक्ष म्हणून लोकसभेवर गेले. गिरणगावात युनियन गिरणीच्या गेटवर भेटत होती आणि रात्री तीच माणसं चाळीत शेजारी राहत होती. गेटसभेत ठरलेलं नाव खोलीखोलीत पोचायला वेगळी यंत्रणा लागत नव्हती.

निफाड तालुक्यातला शेतकरी मळ्यात, वस्तीवर पांगलेला. त्याला पीककर्ज विकास सोसायटीतून मिळतं आणि त्याचा ऊस कारखान्याच्या टोळीने तोडायचा असतो. सोसायटी, कारखाना, बँक, बाजार समिती या सगळ्यांवर ज्यांची माणसं बसलेली, त्यांच्याविरुद्ध रस्त्यावर दोन दिवस बसता येतं, पण मतदानाच्या दिवशी ते दडपण डोक्यावर असतंच. त्यात भाऊबंदकी आणि जात. संघटनेच्या आर्थिक विचारात या गोष्टींना फारशी जागा नव्हती, मतदारयादीत मात्र त्या पानोपानी होत्या.

एका ठिकाणी संघटनेने ही कोंडी फोडायचा असा प्रयत्न केला की त्याची नोंद अधिक ठळकपणे व्हायला हवी. पिंपळगावहून आग्रा रोडने पुढे गेलं की चांदवड लागतं. तिथे ९ आणि १० नोव्हेंबर १९८६ ला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं. बाया डोक्यावर भाकरीची गाठोडी घेऊन प्रचंड संख्येने आल्या. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या सगळ्या जागा बायकांनीच लढवायच्या, म्हणजे एकही पुरुष उमेदवार नसलेलं पॅनेल उभं करायचं, हा विचार तिथून पुढे आला आणि समग्र महिला आघाडी निघाली. जिल्हा परिषदांच्या निवडणुका सरकारने पुढे ढकलल्या, त्यामुळे आघाडीचा मोठा डाव खेळायचा राहूनच गेला. तरी १९८९ च्या सुमारास जळगावमधल्या विटनेर आणि यवतमाळमधल्या मेटीखेडा अशा गावांत सगळ्या बायकांची ग्रामपंचायत निवडून आली. संसदेने पंचायतींमध्ये एक तृतीयांश आरक्षण आणणारी ७३वी घटनादुरुस्ती १९९२ मध्ये मंजूर केली. चांदवडच्या बायका तिच्या सहा वर्षं पुढे होत्या.

कष्टकऱ्यांच्या संघटनेला थेट मतदारसंघच द्यायचा, ही कल्पना त्याहूनही जुनी आहे. १९३५ च्या कायद्याने मुंबई प्रांताच्या विधानसभेत कामगारांसाठी ७ जागा राखल्या होत्या आणि त्यांतल्या काही जागांवर नोंदणीकृत युनियनचे सभासदच मतदार होते. १९३७ मध्ये अहमदाबादच्या मजूर महाजनाचे गुलझारीलाल नंदा अशाच जागेवरून आले. त्याच निवडणुकीत डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे दादासाहेब गायकवाड नाशिक जिल्ह्यातून विधानसभेवर गेले. ते पिंपळगावच्या शेजारच्या दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. स्वातंत्र्यानंतर युनियनच्या राखीव जागा गेल्या.

तरी त्या कल्पनेचा एक तुकडा पिंपळगावात आजही जिवंत आहे, तो बाजार समितीत. १९६३ च्या कायद्याखाली चालणाऱ्या समितीवर सोसायट्यांचे ११, ग्रामपंचायतींचे ४, व्यापारी-आडत्यांचे २ आणि हमाल-मापाऱ्यांचा १ असे १८ संचालक निवडले जातात. हमाल-मापारी गटाचे मतदार म्हणजे समितीचा परवाना असलेले पाठीवर गोणी वाहणारे आणि काट्यावर उभे राहणारे लोक. मतदार थोडे आणि एकाच आवारात रोज भेटणारे, त्यामुळे उमेदवार कोण हे आपसात ठरवणं त्यांना शक्य असतं. मोठे गट आपल्या पॅनेलमध्ये हमालांचा माणूस कोण घ्यायचा याची काळजी करतात. एप्रिल २०२३ मध्ये इथे आमदार दिलीप बनकर आणि माजी आमदार अनिल कदम यांचे पॅनेल भिडले, तेव्हाही ही जागा त्याच १८ मध्ये होती.

शेतकऱ्याची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. ज्या बाजारात तो कांदा आणि टोमॅटो विकतो तिथे त्याला स्वतःचं मत नाही. त्याच्या वतीने सोसायटीचे संचालक आणि ग्रामपंचायतीचे सदस्य मत देतात. २०१७ मध्ये सरकारने किमान १० गुंठे जमीन असलेल्या आणि पाच वर्षांत तीनदा माल विकलेल्या शेतकऱ्याला थेट मत दिलं, २०२० मध्ये ते परत घेतलं. पुढे उमेदवारी करायची मुभा मिळाली, मत मिळालं नाही. शेतकऱ्यांच्या नावाने उभ्या असलेल्या संस्थेत शेतकऱ्यालाच मत नसावं, हा अन्याय आहे.

२०२४ मध्ये हे सगळे धागे एकत्र गुंतले. कांद्याच्या निर्यातबंदीमुळे शेतकरी चिडलेला होता. एप्रिलमध्ये व्यापाऱ्यांनी शेतकऱ्याच्या पट्टीतून हमाली-तोलाई कापायला नकार दिला. कांदा ट्रॅक्टरमध्ये मोकळाच येतो, भुईकाट्यावर तोलला जातो आणि व्यापाऱ्याच्या खळ्यावर उतरतो, मग कपात कशाची, असा त्यांचा सवाल. हमाल-मापाऱ्यांना ही मजुरी म्हणजे १९६९ च्या माथाडी कायद्याने मिळालेला हक्क वाटत होता. जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. १५ मे रोजी पंतप्रधानांची पिंपळगावात सभा झाली आणि भाषण चालू असताना एका तरुणाने कांद्यावर बोला म्हणून हाक दिली. दिंडोरी लोकसभा मतदारसंघात किसान सभेचे जिवा पांडू गावित यांनी माघार घेऊन महाविकास आघाडीच्या भास्कर भगरे यांना पाठिंबा दिला. केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पडल्या आणि शिक्षक असलेले भगरे लोकसभेत गेले. निर्यातबंदी मतदानाआधीच, ४ मे रोजी, उठली होती. तिच्या जागी चाळीस टक्के निर्यात शुल्क आलं होतं.