वनरखवालदाराचे घर

वनरखवालदाराचे घर : व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीत (१८३७–१९०१) साष्टीतील घोडबंदर–येऊर डोंगरपट्ट्यातील सरकारी जंगल राखणाऱ्या कनिष्ठ वननोकराचे बिऱ्हाड. मुंबई इलाख्यात १८४७ मध्ये वनखाते सुरू झाले आणि १८७८ च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव व संरक्षित जंगलांची वर्गवारी झाली (पहा : वनविधी). इंग्लंडातील शिकाररक्षक जमीनदाराची श्वापदे राखी; येथील रखवालदाराकडे मुख्यतः सरकारचा साग व इतर इमारती लाकूड होते. घर बहुधा आसपासच्या घरांसारखेच, कारवीच्या कुडाला शेणमातीचा लेप आणि वर गवताचे वा ताडपत्रांचे छप्पर असे. मात्र भाताच्या रोपांची जमीन भाजण्यासाठी ज्या शेतकऱ्यांना डहाळ्यांची कवळे लागत, त्यांच्याच शेजारी राहून त्यांच्या कोयत्यावर नजर ठेवण्याचे कठीण कर्तव्य या कुटुंबाच्या वाट्याला आले (पहा : राब, वारली), आणि या व्यवस्थेचे मर्म याच पेचात आहे. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलविषयक तक्रारींच्या चौकशीसाठी सरकारने १८८५ मध्ये वन आयोग नेमला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये निघाला. या जंगलाचा बराच भाग आता संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतो व मीरा-भाईंदर शहराची हद्द त्याला भिडलेली आहे.